दोन दगडांवर पाय : जिमी कार्टर यांची परराष्ट्रनीती आणि त्यांचे सल्लागार

(व्याख्यानाचे शब्दांकन)



अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचे २९ डिसेंबर २०२४ रोजी, वयाची शंभरी पूर्ण करून, निधन झाले. त्यानंतर आपल्याकडच्या वृत्तपत्रांनीही त्यांच्याविषयी भरभरून लिहिले. २००२ सालचा शांततेचा नोबेल पुरस्कार, निवृत्तीनंतरचे सेवाकार्य, साधी राहणी, सारे काही आले. २००६ साली आपल्या लोणावळ्याजवळ गरिबांसाठी घरे बांधण्याच्या कामात ते स्वतः सहभागी झाले होते, याचीही आठवण काहींनी काढली. गेलेल्या माणसाविषयी वावगे बोलू नये, ही आपली रीत आहे आणि ती चांगली आहे. परंतु ज्याच्या हाती काही काळ राज्य होते, त्याच्या कारभाराची चिकित्सा करणे म्हणजे त्याची निंदा करणे नव्हे. ती चिकित्सा केली नाही, तर पुढच्या पिढीला इतिहासाच्या नावाखाली केवळ हार घातलेल्या तसबिरी मिळतात.

कार्टर यांच्याविषयी आपल्याला विशेष आस्था वाटावी, असे दुवेही आहेत. त्यांच्या मातोश्री लिलियन कार्टर १९६६ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, ‘पीस कोअर’च्या स्वयंसेविका म्हणून भारतात आल्या आणि जवळजवळ दोन वर्षे मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत रुग्णसेवेचे काम करीत राहिल्या. कार्टर यांनी भारतात राजदूत म्हणून पाठविलेले रॉबर्ट गोहीन हे तर जन्माने आपल्या वेंगुर्ल्याचे. मिशनरी आई-वडिलांच्या पोटी १९१९ साली तेथे जन्मलेले. म्हणजे राष्ट्राध्यक्षांची आई विक्रोळीत राहिलेली आणि राजदूत कोकणात जन्मलेला! एवढे असूनही भारत-अमेरिका संबंधांतील एक अत्यंत कडवट प्रकरण याच राष्ट्राध्यक्षांच्या काळात घडले, आणि तेही आपल्याच किनाऱ्यावरच्या तारापूरवरून. त्याकडे मी पुढे येणारच आहे. व्यक्तिगत स्नेह आणि राज्याराज्यांमधील व्यवहार यांत किती अंतर असते, हे प्रारंभीच ध्यानात घेतलेले बरे.

कार्टर २० जानेवारी १९७७ रोजी सत्तेवर आले. त्यापूर्वी ते जॉर्जिया राज्याचे एका कारकिर्दीपुरते गव्हर्नर होते; त्याआधी नौदलात पाणबुडीवरील अधिकारी आणि नंतर भुईमुगाचे शेतकरी व व्यापारी. परराष्ट्रकारणाचा अनुभव जवळजवळ शून्य. व्हिएतनाम आणि वॉटरगेट यांनी विटलेल्या अमेरिकन मतदाराला वॉशिंग्टनबाहेरचा, खोटे न बोलणारा माणूस हवा होता, आणि तो त्याला मिळाला. अनुभव नसणे हा काही गुन्हा नव्हे. अशा वेळी राजा सल्लागार कोण निवडतो, याला मात्र अनन्यसाधारण महत्त्व येते.

मंत्र आणि मंत्री

कार्टर यांनी दोघांना निवडले. परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स हे न्यूयॉर्कचे नामांकित वकील. पेंटागॉनमध्ये काम केलेले, व्हिएतनामचा चटका बसलेले, सौम्य, सावध आणि वाटाघाटींवर श्रद्धा असलेले. सोव्हिएत रशियाशी शस्त्रकपातीचा करार, ‘सॉल्ट-२’, हे त्यांच्या दृष्टीने सर्वांत मोठे काम. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झ्बिग्न्यू ब्रेझिन्स्की हे वॉर्सामध्ये जन्मलेले, पोलिश राजनैतिक अधिकाऱ्याचे चिरंजीव. मायभूमी आधी नाझींनी आणि मग स्टालिनने गिळलेली पाहिलेला हा माणूस. कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक, तल्लख, वादपटू, महत्त्वाकांक्षी. डेव्हिड रॉकफेलर यांनी १९७३ मध्ये स्थापन केलेल्या ‘ट्रायलॅटरल कमिशन’चे ते संचालक होते. कार्टर यांना त्या मंडळाचे सदस्यत्व मिळाले आणि तेथे जगाच्या राजकारणाचे पहिले धडे त्यांनी ब्रेझिन्स्की यांच्याकडून घेतले. गुरु-शिष्याचे नाते तेव्हापासूनचे.

निवडणुकीच्या काळात कार्टर यांचे निकटवर्ती हॅमिल्टन जॉर्डन म्हणून गेले होते की, जिंकल्यावर व्हान्स परराष्ट्रमंत्री आणि ब्रेझिन्स्की सुरक्षा सल्लागार झालेले दिसले, तर आपण हरलो असे मी समजेन आणि राजीनामा देईन. नेमके तेच दोघे नेमले गेले. जॉर्डनसाहेबांनी राजीनामा दिला नाही, हे ओघाने आलेच. राजकारणातली अशी वाक्ये सर्व देशांत सारखीच टिकाऊ असतात.

आता या दोन सल्लागारांमध्ये मतभेद होते, हे कार्टर यांना ठाऊक नव्हते काय? ठाऊक होते, आणि ते त्यांना हवेही होते. दोन बाजू ऐकून निर्णय आपण घेऊ, अशी त्यांची धारणा होती. अभियंत्याच्या मनाला ही रचना पटण्यासारखी आहे. आपल्याकडे कौटिल्याने अर्थशास्त्रात मंत्राधिकाराचा विचार करताना नेमका हाच प्रश्न घेतला आहे. एकाच मंत्र्याशी मसलत केली, तर तो बेलगाम होतो. दोघांशी केली, तर ते एकत्र आल्यास राजाला आपल्या कह्यात ठेवतात आणि भांडल्यास राजाचा नाश करतात. म्हणून मसलत तिघाचौघांशी करावी, असा त्याचा निर्वाळा आहे. प्राचीन ग्रंथात सारे आधीच सांगितले आहे, असे म्हणून पाठ थोपटून घेण्याची सवय मला नाही. परंतु कार्टर यांच्या चार वर्षांचा वृत्तान्त वाचताना हा उतारा पदोपदी आठवतो, हे खरे. भांडणाचा परिणाम तर सर्वांना दिसला. दोघे एकत्र आल्याचा परिणामही दिसला, एकदाच, आणि तो सर्वांत भयंकर ठरला.

सल्लागाराचे सामर्थ्य केवळ त्याच्या बुद्धीत नसते. ते कागदात आणि वेळेत असते. दररोज सकाळी राष्ट्राध्यक्षांपुढे जगाची स्थिती मांडण्याचे काम ब्रेझिन्स्की यांनी आपल्याकडे ठेवले. मंत्र्यांच्या समित्यांच्या बैठका होत, त्यांचे सारांश ब्रेझिन्स्की यांच्या कार्यालयात लिहिले जात आणि व्हान्स यांना आधी न दाखविता थेट राष्ट्राध्यक्षांच्या मेजावर जात. आपण मांडलेले मत त्या सारांशात कसे उतरले आहे, हे पाहण्याची संधी मिळत नसे, अशी तक्रार व्हान्स यांनी पुढे आपल्या आठवणींत नोंदविली आहे. ज्यांनी कोणत्याही संस्थेत काम केले आहे, त्यांना याचे मर्म फोडून सांगावे लागणार नाही. इतिवृत्त कोण लिहितो, हे बैठकीत कोण बोलले यापेक्षा अनेकदा महत्त्वाचे ठरते.

मे १९७७ मध्ये नोत्र दाम विद्यापीठात कार्टर यांनी जाहीर केले की, साम्यवादाच्या अवास्तव भीतीतून अमेरिका आता मुक्त झाली आहे. वर्षभराने, जून १९७८ मध्ये, ॲनापोलिस येथील नौदल अकादमीत त्यांनी सोव्हिएत संघाविषयी दुसरे भाषण केले. त्याचा अर्धा भाग समेटाचा आणि अर्धा भाग दटावणीचा. त्यांचे भाषणलेखक जेम्स फॅलोज यांनी नंतर लिहिले की, व्हान्स यांचे टिपण आणि ब्रेझिन्स्की यांचे टिपण एकास एक टाचून ते भाषण सिद्ध झाले होते. मॉस्कोने त्यातला कोणता भाग वाचावा? मित्रराष्ट्रांनी कोणता? दोन टिपणे टाचणीने जोडता येतात, धोरण तसे जोडता येत नाही.

तेहरानची मेजवानी

३१ डिसेंबर १९७७ ची रात्र. तेहरानमध्ये शहा महंमद रझा पहलवी यांच्या प्रासादात मेजवानी चालू आहे. मानवी हक्कांचा उद्घोष करीत सत्तेवर आलेले राष्ट्राध्यक्ष पेला उंचावून म्हणतात की, शहांच्या थोर नेतृत्वामुळे इराण हे जगाच्या एका अशांत भागातील स्थैर्याचे बेट आहे. ज्या राजवटीची ‘सावाक’ ही गुप्त पोलीस यंत्रणा छळासाठी कुप्रसिद्ध होती, तिची ही स्तुती! मानवी हक्कांचा विषय काढून शहांना आधी संभ्रमात टाकायचे आणि मग अशी स्तुती करून त्यांच्या विरोधकांना डिवचायचे, असे दुहेरी नुकसान या धोरणाने केले.

बेट बुडायला तेरा महिनेही लागले नाहीत. ८ सप्टेंबर १९७८ रोजी तेहरानच्या झालेह चौकात सैन्याने जमावावर गोळ्या झाडल्या आणि समेटाची वाट बंद झाली. त्याच्या आधीच्या महिन्यात अमेरिकी गुप्तवार्ता यंत्रणेचा निष्कर्ष असा होता की, इराणमध्ये क्रांतीची सोडाच, क्रांतिपूर्व स्थितीही नाही. हे कसे घडले? शहांच्या विरोधकांशी संबंध ठेवल्यास शहा रागावतील, म्हणून अमेरिकी गुप्तहेर शहांच्याच सावाककडून माहिती घेत. शहांना कर्करोग होता आणि फ्रेंच डॉक्टर १९७४ पासून उपचार करीत होते, याचा पत्ता वॉशिंग्टनला कित्येक वर्षे लागला नाही. मशिदींतून कोणते शब्द उच्चारले जात आहेत, पॅरिसजवळच्या खेड्यात बसलेल्या आयातुल्ला खोमेनींच्या ध्वनिफिती कोणाच्या घरी वाजत आहेत, याकडे पाहण्याची दृष्टीच नव्हती. धर्म ही मागासलेली, ओसरत चाललेली गोष्ट आहे, असे मानणाऱ्या विद्वानांना धर्माच्या नावाने लाखो लोक रस्त्यावर येतात तेव्हा प्रथम ते दिसतच नाहीत आणि दिसले तरी समजत नाहीत.

९ नोव्हेंबर १९७८ रोजी तेहरानमधील राजदूत विल्यम सलिव्हन यांनी एक तार पाठविली. जे अकल्पनीय वाटते त्याचाही विचार आता केला पाहिजे, शहा टिकणार नाहीत असे धरून पुढची तयारी केली पाहिजे, असा तिचा आशय होता. वॉशिंग्टनमध्ये मात्र दोन वाद्ये दोन सुरांत वाजत होती. ब्रेझिन्स्की यांचे म्हणणे, सैन्याच्या बळावर शहांनी बंड मोडावे. परराष्ट्र खात्याचे म्हणणे, संयुक्त सरकार आणि सुधारणा यांतून मार्ग काढावा. ब्रेझिन्स्की राजदूताला टाळून, इराणचे अमेरिकेतील राजदूत अर्देशीर झाहेदी यांच्यामार्फत शहांना परस्पर निरोप देत होते. तिकडे शहा प्रत्येक अमेरिकनाच्या तोंडाकडे पाहत बसले की, मला तुम्ही काय करायला सांगता? आजाराने आणि अनिश्चयाने खचलेल्या त्या राजाला कधी ‘आम्ही पाठीशी आहोत’ असे सांगितले गेले, तर कधी ‘निर्णय तुमचा तुम्ही घ्या’ असे. दोन्ही वाक्ये अमेरिकेचीच.

जानेवारी १९७९ मध्ये जनरल रॉबर्ट हायझर यांना तेहरानला पाठविले. इराणी सेनापतींना एकत्र ठेवायचे हे त्यांचे काम. पण कशासाठी एकत्र ठेवायचे? नव्या नागरी सरकारला आधार देण्यासाठी की लष्करी सत्तापालटासाठी? हायझर आणि सलिव्हन एकाच शहरातून एकाच राजधानीला परस्परविरोधी अहवाल देत राहिले. १६ जानेवारीला शहा देश सोडून गेले. १ फेब्रुवारीला खोमेनी परतले. ११ फेब्रुवारीला सैन्याने आपण तटस्थ असल्याचे घोषित केले आणि सारा खेळ संपला.

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. कार्टर यांच्या जागी कितीही खंबीर पुरुष असता, तरी शहांचे सिंहासन वाचले असते असे मला वाटत नाही. १९५३ मध्ये मोसाद्देक यांचे सरकार उलथविण्यात अमेरिकेचा हात होता, तेव्हापासून साठलेला राग होता. तेलाचा पैसा आणि उद्दाम आधुनिकीकरण यांनी समाजाची घडी विस्कटली होती. कार्टर यांना दोष द्यायचा तो इराण गमावल्याचा नव्हे. ते गमावले जात असताना आपल्याला नक्की काय हवे आहे, हे न ठरविल्याचा.

जेव्हा दोघे एक झाले

परागंदा शहा देशोदेशी भटकत होते. त्यांना अमेरिकेत आश्रय द्यावा म्हणून हेन्री किसिंजर, डेव्हिड रॉकफेलर आणि जॉन मॅक्लॉय ही बडी मंडळी सतत दडपण आणीत होती. ब्रेझिन्स्की त्यांच्या बाजूचे. व्हान्स विरोधात आणि कार्टरही विरोधात. तेहरानमधील दूतावासातून इशारे येत होते की, शहांना प्रवेश दिल्यास आमच्यावर संकट येईल. १४ फेब्रुवारी १९७९ रोजी त्या दूतावासावर एकदा हल्ला झालाही होता. ऑक्टोबरमध्ये शहांच्या कर्करोगाची बातमी उघड झाली आणि मानवतेच्या मुद्द्यावर व्हान्स यांनीही आपले मत बदलले. आता सारे एकमताचे, एकटे कार्टर विरोधात. आमच्या माणसांना त्यांनी ओलीस धरले तर मग मला काय सल्ला द्याल, असे त्यांनी त्या बैठकीत विचारल्याचे उपस्थितांनी नोंदविले आहे. उत्तर कोणाजवळच नव्हते. तरीही त्यांनी संमती दिली. २२ ऑक्टोबरला शहा न्यूयॉर्कला उतरले. ४ नोव्हेंबरला दूतावास पडला.

चार वर्षांतील हा क्षण मला सर्वांत बोलका वाटतो. राष्ट्राध्यक्षांची स्वतःची जाण अचूक होती. अनुभवी, विद्वान, जगाने वाखाणलेले सारे सल्लागार चुकले होते. ज्याच्यावर अनुभवशून्यतेचा शिक्का होता तोच बरोबर होता, आणि त्यानेच माघार घेतली. ‘सल्लागारांनी घात केला’ हा बचाव म्हणूनच मला मान्य नाही. सल्ला देणारा सल्ला देऊन मोकळा होतो. आज्ञापत्रावर मोहोर राजाची असते.

बावन्न अमेरिकन ४४४ दिवस ओलीस राहिले. रोज रात्री दूरदर्शन संचावर त्या दिवसांची मोजणी चालू असे. ११ एप्रिल १९८० रोजी, व्हान्स सुटीवर फ्लोरिडात असताना, लष्करी सुटकेचा निर्णय बैठकीत पक्का झाला. परत आल्यावर त्यांनी विरोध नोंदविला, तो मानला गेला नाही, आणि मोहीम यशस्वी होवो वा अयशस्वी, मी पद सोडणार, असे सांगून त्यांनी राजीनामा दिला. २४ एप्रिलच्या रात्री आठ हेलिकॉप्टरे निघाली. वाळवंटातील ठरलेल्या जागी सहा पोहोचली, त्यांतले एक नादुरुस्त झाले. किमान सहा हवी होती. मोहीम रद्द झाली. परतण्याच्या तयारीत एक हेलिकॉप्टर मालवाहू विमानावर आदळले आणि आठ सैनिक जळून मृत्युमुखी पडले. शत्रूशी एकही गोळी न झाडता झालेला हा पराभव होता. १९१५ मध्ये ब्रायन यांनी राजीनामा दिला, त्यानंतर धोरणाच्या प्रश्नावर पद सोडणारे व्हान्स हे पहिले परराष्ट्रमंत्री. त्यांचे मत कोणाला पटो वा न पटो, ज्या निर्णयाचे समर्थन करता येणार नाही त्याच्या खुर्चीवर बसायचे नाही, हा बाणा आपल्याकडेही दुर्मीळ आहे.

मानवी हक्क आणि पोल पॉट

कार्टर यांच्या पदरात काहीच पडले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सप्टेंबर १९७८ मध्ये कॅम्प डेव्हिड येथे तेरा दिवस ठाण मांडून त्यांनी सादात आणि बेगिन यांच्यात समेट घडवून आणला; मार्च १९७९ चा इजिप्त-इस्रायल करार आजही उभा आहे. तेथे यश का आले? तेथे त्यांनी कोणाचे टिपण टाचले नाही. नकाशे आणि मसुदे स्वतः हाती घेतले. पनामा कालव्याचा करारही त्यांनी लोकप्रियता पणाला लावून पार पाडला.

चीनच्या बाबतीत मात्र ब्रेझिन्स्की यांनी बाजी मारली. मे १९७८ मध्ये ते पेकिंगला गेले, १ जानेवारी १९७९ पासून पूर्ण राजनैतिक संबंध सुरू झाले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस डेंग शियाओपिंग वॉशिंग्टनला आले. व्हिएतनामला धडा शिकविण्याचा बेत त्यांनी कार्टर यांच्या कानावर घातला. कार्टर यांनी तो पसंत नसल्याचे सांगितले, पण मैत्रीत खंड पडू दिला नाही. १७ फेब्रुवारीला चिनी फौजा व्हिएतनाममध्ये घुसल्या. त्या वेळी आपले परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी चीनच्या भेटीवर होते. सतरा वर्षांनंतर संबंध सुधारण्यासाठी गेलेल्या पाहुण्याच्या उपस्थितीतच यजमानाने शेजाऱ्यावर हल्ला केला. अटलजींनी दौरा अर्ध्यावर सोडला, हे सर्वांना स्मरत असेल.

त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रसंघात कंबोडियाचे आसन कोणाला, हा प्रश्न आला. लक्षावधी देशबांधवांचे बळी घेणारी पोल पॉटची राजवट व्हिएतनामी फौजांनी जानेवारीत हटविली होती. पण चीन पोल पॉटच्या पाठीशी होता. म्हणून मानवी हक्कांचे कैवारी कार्टर यांच्या अमेरिकेने ते आसन पोल पॉटच्याच प्रतिनिधीकडे राहावे, असे मत दिले. याहून अधिक भाष्याची आवश्यकता नाही.

शेंगदाणे

अफगाणिस्तानचे प्रकरण आपल्या उंबरठ्याशी येते. एप्रिल १९७८ मध्ये काबूलमध्ये साम्यवाद्यांनी सत्ता बळकावली. १४ फेब्रुवारी १९७९ रोजी, म्हणजे तेहरानच्या दूतावासावर पहिला हल्ला झाला त्याच दिवशी, काबूलमध्ये अमेरिकी राजदूत ॲडॉल्फ डब्स मारले गेले. ३ जुलै १९७९ रोजी कार्टर यांनी बंडखोरांना गुप्त, शस्त्रांव्यतिरिक्तची मदत देण्याच्या आदेशावर सही केली. डिसेंबरच्या अखेरीस सोव्हिएत रणगाडे आले. १९९८ मध्ये एका फ्रेंच साप्ताहिकात ब्रेझिन्स्की यांची मुलाखत प्रसिद्ध झाली. तिच्यावरून, रशियनांना आपणच सापळ्यात ओढले, असे श्रेय ते घेताना दिसतात. पुढे त्यांनी त्या शब्दांकनाविषयी हरकत घेतली. तो वाद बाजूला ठेवू. सापळाच रचला असता, तर २६ डिसेंबर १९७९ च्या त्यांच्या स्वतःच्या टिपणात इतकी चिंता दिसली नसती. अफगाणिस्तान हे रशियाचे व्हिएतनाम ठरेल अशी आशा फार बाळगू नये, असे त्यांनी त्यात बजावले होते.

त्याच टिपणातील दुसरे एक सूत्र भारतीयाने विसरता कामा नये. पाकिस्तानविषयक सुरक्षा धोरण यापुढे अण्वस्त्रप्रसारबंदीच्या धोरणाने ठरता कामा नये, असे ते सूत्र होते. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये कहूटा येथील युरेनियम प्रकल्पामुळे याच कार्टर सरकारने पाकिस्तानची मदत थांबविली होती. नोव्हेंबरमध्ये इस्लामाबादमधील अमेरिकी दूतावास जमावाने जाळला होता, तोही जनरल झिया यांच्या राजवटीत. महिनाभरात सारे विसरले गेले. जानेवारी १९८० मध्ये चाळीस कोटी डॉलर देऊ केले. झिया यांनी ‘शेंगदाणे’ म्हणून ते झिडकारले. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ क्षुल्लक रक्कम. आपण चणे-फुटाणे म्हणू. पण भुईमुगाच्या व्यापाऱ्याला शेंगदाणे म्हणणे, यातली मखलाशी झिया यांना पक्की ठाऊक असावी. त्यांचा हिशेबही बरोबर ठरला. पुढे रेगन यांनी तीनशे वीस कोटी डॉलरचा बोजा उचलला. फेब्रुवारी १९८० मध्ये ब्रेझिन्स्की खैबर खिंडीत गेले, हाती बंदूक घेतलेले त्यांचे छायाचित्र जगभर प्रसिद्ध झाले आणि ईश्वर तुमच्या बाजूने आहे, असे त्यांनी तेथील अफगाणांना सांगितले. पाकिस्तानने बॉम्बही मिळविला आणि बंदुकाही. त्या बंदुका पुढे कोणाकडे वळल्या, हे काश्मीरच्या खोऱ्याला विचारावे लागत नाही.

तारापूर

आणि आता तारापूर. १९६३ च्या करारानुसार अमेरिकेने तारापूर अणुवीज केंद्रासाठी तीस वर्षे समृद्ध युरेनियम पुरवायचे होते. जनरल इलेक्ट्रिकने उभारलेल्या अणुभट्ट्या दुसऱ्या कशावर चालत नव्हत्या. १९६९ पासून महाराष्ट्र आणि गुजरातला वीज मिळू लागली. १९७४ मध्ये आपण पोखरणला चाचणी केली आणि अमेरिकेचे डोळे फिरले.

तेहरानच्या त्या मेजवानीहून कार्टर थेट दिल्लीला आले, १ जानेवारी १९७८ रोजी. दुसऱ्या दिवशी आपल्या संसदेत त्यांनी इंधनाचा पुढचा हप्ता देण्याचे जाहीर केले. त्याच दौऱ्यात, ध्वनिक्षेपक चालू आहे हे न कळल्याने, व्हान्स यांच्याशी झालेले त्यांचे खासगी बोलणे पत्रकारांनी ऐकले. परतल्यावर मोरारजीभाईंना आणखी एक पत्र लिहू, थंड आणि अगदी रोखठोक, असे ते म्हणत होते. जाहीर भाषणात बंधुभाव आणि कुजबुजीत बर्फ! मोरारजीभाईंनी मात्र ते फारसे मनावर घेतले नाही आणि आपली भूमिकाही तिळभर बदलली नाही. अण्वस्त्रे आम्हाला नकोत. पण तुमचे निरीक्षक आमच्या प्रत्येक केंद्रात फिरणार नाहीत, हे त्यांचे उत्तर होते. हरियाणातल्या ज्या खेड्याला कार्टर यांनी भेट दिली, त्याने मात्र आपले नाव बदलून ‘कार्टरपुरी’ ठेवले. आपला समाज मनाने असा मोकळा आहे.

दोनच महिन्यांनी, १० मार्च १९७८ रोजी, कार्टर यांनी अण्वस्त्रप्रसारबंदी कायद्यावर सही केली. आपली सर्व अणुकेंद्रे आंतरराष्ट्रीय तपासणीला खुली न करणाऱ्या देशाला इंधन मिळणार नाही, अशी अट त्यात आली आणि दोन वर्षांच्या मुदतीनंतर ती जुन्या करारांनाही लागू होणार होती. करार दोघांचा, कायदा एकाचा. एका पक्षाने आपल्या घरात केलेल्या कायद्याने दुसऱ्या पक्षाशी केलेला करार मोडता येतो काय? कोणत्याही वकिलाला विचारा; आणि व्हान्स तर स्वतः वकील होते.

त्यानंतरची दोन वर्षे म्हणजे तारखांवर तारखा. एप्रिल १९७८ मध्ये तेथील अणुनियामक आयोगात समसमान मते पडली, तेव्हा कार्टर यांनी विशेषाधिकाराने इंधन सोडले. मे १९८० मध्ये आयोगाने पाचही मतांनी नकार दिला. कार्टर यांनी पुन्हा इंधन देण्याचे ठरविले, कारण अफगाणिस्तानानंतर भारताला दुखवून चालणार नव्हते. ज्या कायद्यावर स्वतः सही केली, त्यातून वाट काढण्यासाठी राष्ट्राध्यक्ष आता स्वतःच्याच पक्षातील सदस्यांची मनधरणी करीत होते. सप्टेंबरमध्ये प्रतिनिधिगृहाने २९८ विरुद्ध ९८ मतांनी त्यांच्या विरोधात कौल दिला. सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६, अवघ्या दोन मतांनी, इंधन वाचले. अडतीस टन युरेनियमसाठी एवढा खटाटोप! आणि हेच सरकार त्याच वर्षी कहूट्याकडे डोळेझाक करून झिया यांच्या दारात थैली घेऊन उभे होते. तत्त्वाची काठी जो खरे बोलतो त्याच्या पाठीवर, आणि सवलत जो लपवितो त्याच्या पदरात.

पुढच्या काळात अमेरिकेने पुरवठा थांबविला. १९८२ मध्ये इंदिराजींच्या सरकारने फ्रान्सशी करार करून इंधन मिळविले. भाभा अणुसंशोधन केंद्रातील आपल्या शास्त्रज्ञांनी प्लुटोनियम मिसळलेले पर्यायी इंधन याच अणुभट्ट्यांसाठी विकसित केले. तारापूर बंद पडले नाही.

कार्टर यांचा निकाल अमेरिकन मतदारांनी ४ नोव्हेंबर १९८० रोजी लावला. योगायोग असा की, दूतावास पडल्याला त्या दिवशी बरोबर एक वर्ष झाले होते. पन्नासांपैकी चव्वेचाळीस राज्ये रेगन यांनी जिंकली. ओलिसांच्या सुटकेच्या वाटाघाटी कार्टर यांनी शेवटच्या रात्रीपर्यंत, न झोपता, स्वतः चालविल्या. २० जानेवारी १९८१ रोजी रेगन यांचा शपथविधी झाल्यानंतर काही मिनिटांतच विमानाने तेहरानची धावपट्टी सोडली. ते श्रेय त्यांना पदावर असताना मिळू द्यायचे नाही, हे खोमेनींनी ठरविले होते. दुसऱ्या दिवशी जर्मनीत त्या बावन्न जणांना भेटायला गेले ते माजी राष्ट्राध्यक्ष म्हणून. काहींनी त्यांना तोंडावर विचारले की, शहांना तुम्ही प्रवेश दिलाच का? ब्रेझिन्स्की, व्हान्स, किसिंजर किंवा रॉकफेलर यांच्यापैकी कोणाचेही नाव पुढे करून कार्टर यांना त्या खोलीत सुटका करून घेता आली नसती.

अध्यक्ष महोदयांनी वेळेची आठवण करून दिली आहे. आपले प्रश्न असतील, तर मी अवश्य ऐकेन.